सारवार यांचे प्रश्न म्हणजे नुसता देखावा नव्हे
स्कॉटलंडच्या एडिनबरोतल्या संसदेत लेबर पक्षाचे अनस सारवार यांच्यासारखे विरोधक दर गुरुवारी फर्स्ट मिनिस्टरला, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुखाला, विचारतात ते प्रश्न म्हणजे नुसता देखावा, पैसा शेवटी लंडनहूनच येतो, असं एकाने म्हटलंय. मला हे अजिबात पटत नाही. बराचसा पैसा बार्नेट सूत्राने (इंग्लंडमधल्या खर्चातल्या बदलानुसार स्कॉटलंडचा वाटा ठरवणारं गणित) लंडनहून येतो हे खरं, पण तो कुठे खर्चायचा हे स्कॉटलंडचं सरकार ठरवतं. आरोग्यसेवा १९९९ पासून त्यांच्याच अखत्यारीत आहे आणि २००७ पासून तिथे एसएनपीची (स्कॉटिश नॅशनल पार्टी) सत्ता आहे.

दाखल करून करायचे उपचार ठरले की १२ आठवड्यांत ते सुरू करायची हमी तिथे २०११ च्या रुग्णहक्क कायद्यानेच दिली. ती हजारोंच्या बाबतीत मोडली गेली. आणि त्याच कायद्यात अशी तरतूद आहे की हमी मोडली म्हणून रुग्णाला कोर्टात भरपाई मागता येत नाही! मग त्याने दाद मागायची कुठे? विरोधी बाकांवरूनच कुणीतरी विचारायला हवं.

ग्लासगोचं क्वीन एलिझाबेथ रुग्णालय २०१५ मध्ये सुरू झालं. तिथे रुग्णांना झालेल्या संसर्गांचा विषय सारवार यांनी सभागृहात पुन्हा पुन्हा लावून धरला. आतल्या कर्मचाऱ्यांनी नोकरी पणाला लावून दिलेली माहिती त्यामुळे नोंदीवर आली.

माझी तक्रार एवढीच की बरे झालेले रुग्ण घरी काळजी घ्यायला कुणी नाही म्हणून खाटा अडवून राहतात, त्यावर, घरच्या काळजीची सोय करणाऱ्या नगरपालिकांच्या निधीसह, नेमके प्रश्न सारवार यांनी आणखी विचारायला हवेत.