‘फ्रिल्ड लिझर्ड’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न (दादर) : मुलांच्या प्रदर्शनात ऑस्ट्रेलियातल्या ‘फ्रिल्ड लिझर्ड’च्या चित्राखाली मराठी पाटी लावायची आहे. ‘फणाधारी पाल’ चालेल का? आणि त्याच्या ‘क्लॅमिडोसॉरस किंगिआय’ या शास्त्रीय नावामधला ‘किंग’ म्हणजे राजाच ना?

उत्तर (मुलुंड) : पाल नको, फणाही नको. हा प्राणी अ‍ॅगॅमिडी कुळातला, म्हणजे आरेतल्या कुंपणावर मान हलवत बसणाऱ्या सरड्याचा भाऊबंद. पालीचे कूळ वेगळे. नागाचा फणा मानेतल्या बरगड्या पसरल्याने होतो. इथे मानेभोवती कातडीची मोठी घडी असते आणि तिच्यात कंठास्थीच्या (घशातल्या हाडाच्या) लांब, लवचीक काड्या असतात. तोंड वासले की काड्या ताणल्या जाऊन घडी छत्रीसारखी उघडते, एरवी ती खांद्यांवर मिटून पडलेली असते. ‘झालरीचा सरडा’ लिहा. ‘कॉलरवाला’ही टाळा, कारण ‘कॉलर्ड लिझर्ड’ हा उत्तर अमेरिकेतला निराळाच प्राणी.

गिरगाव : किंग हे आडनाव आहे! फिलिप पार्कर किंग या नौदल अधिकाऱ्याने ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याची मोजणी केली. त्याच मोहिमेत हा सरडा मिळाला आणि प्राणीशास्त्रज्ञ जॉन एडवर्ड ग्रे यांनी त्याला किंगचे नाव दिले. ‘राजसरडा’ केलेत तर माणूसच गायब होईल. ग्रीक ‘क्लामिस’ म्हणजे खांद्यावर अडकवायचे आखूड वस्त्र, ‘सॉरोस’ म्हणजे सरडा.

मुलुंड : पाटीवर प्रजाती (जीनस) आणि जाती (स्पीशीज) यांचे नाव तिरक्या अक्षरांत, पुढे सरळ अक्षरांत नाव देणारा आणि वर्ष, म्हणजे ‘ग्रे, १८२५’, कंसाशिवाय. कंस घातला तर जात आधी दुसऱ्या प्रजातीत होती असा अर्थ होतो. आपल्या नेहमीच्या सरड्याच्या, कॅलोटिस व्हर्सिकलरच्या, नावापुढे मात्र ‘(दोदँ, १८०२)’ असा कंस लागतो, कारण नाव देणाऱ्या दोदँने त्याला अगामा या प्रजातीत घातले होते. ‘किंगिआय’मधला (kingii) दुहेरी ‘आय’ही काढू नका, मूळ नावात तो तसाच आहे.

ठाणे : ‘झालर’ या एकाच प्राण्यासाठी राखून ठेवावी असे माझे ठाम मत. साताऱ्याच्या पठारांवरच्या सरड्यांत फक्त नराच्या गळ्याखाली रंगीत पडदा असतो, त्याला ‘पंखा’ म्हणावे. ऑस्ट्रेलियातल्या सरड्यात नर-मादी दोघांनाही झालर असते. त्या पठारी सरड्यांच्या प्रजातीला २०१६ मध्ये आपल्याच शब्दावरून ‘सराडा’ हे शास्त्रीय नाव मिळाले आहे, तेव्हा पाटीवर ‘सरडा’ लिहिताना संकोच नको.