शब्दचर्चा : नाईक, हवालदार, सुभेदार – मराठीत कसे लिहावे?

मुद्रितशोधक
नाशिकरोडच्या माजी सैनिक मेळाव्याची स्मरणिका तपासतोय. एकाच पानावर 'नायक', 'नाईक', 'शिपाई' आणि 'जवान' आहेत. 'नायब सुभेदार'चं कुणीतरी 'उपसुभेदार' करून ठेवलंय. शिवाय फोटोंखालची पदं खांद्यावरच्या खुणांवरून पडताळायची आहेत. दोन तारे म्हणजे नक्की कोण?

देवळालीकर
आधी फीत पाहा, मग तारा. बाहीवर टोक खाली असलेली एक फीत लान्स नाईकची, दोन नाईकच्या, तीन हवालदाराच्या. त्याच्या वरचे जेसीओ (ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर), त्यांच्या खुणा खांद्यावर. एक तारा व आडवी पट्टी म्हणजे नायब सुभेदार, दोन तारे व पट्टी म्हणजे सुभेदार, अशोकस्तंभाचे सिंह व पट्टी म्हणजे सुभेदार मेजर. पट्टी नसेल तर तो ऑफिसर. दोन ताऱ्यांचा लेफ्टनंट, तीन ताऱ्यांचा कॅप्टन, नुसते सिंह असले की मेजर. सिंहांसोबत एक तारा लेफ्टनंट कर्नल, दोन कर्नल, तीन ब्रिगेडियर.

घोळ इथेच होतो. पट्टी खांद्याच्या बाहेरच्या टोकाला असते. फोटो चौकटीत बसवताना कडा कापली की पट्टी जाते आणि सुभेदाराचा लेफ्टनंट होतो. मूळ फोटो मागवा.

बिनपट्टीचा एकच तारा दिसला तर फोटो जुना. तो सेकंड लेफ्टनंट, ते पद आता उरलेलं नाही.

पंचवटीकर
दोन तारे नि पट्टी आमच्या फौजदारालाही असते की!

देवळालीकर
असते, पण पोलिसांची पट्टी लाल-निळी. सहायक फौजदाराला एक तारा, फौजदाराला दोन, निरीक्षकाला तीन, तिघांनाही तीच पट्टी. तीन तारे नि पट्टी ही जोडी लष्करात नाहीच, त्यामुळे तशी दिसली की फोटो पोलिसातला.

स्वाती
शब्दांकडे येऊ. 'उपसुभेदार' अजिबात नको. नायब तहसीलदाराला आपण उपतहसीलदार म्हणतो का? आणि १९६५च्या आधीच्या मजकुरात 'जमादार' आला तर तोही तसाच ठेवा. नायब सुभेदार हे त्याच पदाचं नंतरचं नाव. तेव्हाच्या माणसाला आजचं पद चिकटवू नये.

हवालदार, सुभेदार आपल्याला ऐकून माहीत असतात, म्हणून लिहिणारा बेसावध राहतो. शिवकाळात २५ स्वारांवर हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार. शिवाय गडाचाही हवालदार असे, नि ते पद बरंच मोठं. होळकरांच्या सुभेदारीशी आजच्या सुभेदाराचा संबंध फक्त नावापुरता. पोलीस हवालदार म्हणजे हेड कॉन्स्टेबल. त्यामुळे नुसतं 'हवालदार' लिहून चालत नाही, रेजिमेंट जोडा.

'नाईक' की 'नायक'? लष्कराच्या हिंदी पाट्यांवर 'नायक' असतं. मराठीत नाईक रुळलेला आहे, तोच सगळीकडे धरा.

देवळालीकर
'शिपाई'बद्दल. 'जवान' हे पद नाही, सरसकट संबोधन आहे. सर्वांत खालच्या पदाचं नाव दलागणिक बदलतं. पायदळाच्या बऱ्याच रेजिमेंटांत सिपाही, तोफखान्यात गनर, इंजिनिअर्समध्ये सॅपर, सिग्नल्समध्ये सिग्नलमन, रणगाड्यांच्या दलात सवार. नाशिकरोडच्या आर्टिलरी सेंटरमधून तयार झालेल्याला 'शिपाई' म्हणणं चूकच, आणि मराठी वाचकासमोर कचेरीतला शिपाई उभा राहतो ते वेगळंच. परमवीरचक्र विजेते योगेंद्रसिंह यादव १९९९ मध्ये 'ग्रेनेडियर' होते, ते त्यांचं पदच होतं. रणगाडा दलात हवालदाराचा दफादार होतो आणि सुभेदाराचा रिसालदार. खुणा त्याच.

पंचवटीकर
एक जुनी शंका. मेजर लेफ्टनंटच्या वर, मग लेफ्टनंट जनरल मेजर जनरलच्या वर कसा?

देवळालीकर
मेजर जनरल हे मूळचं 'सार्जंट मेजर जनरल'. पुढे 'सार्जंट' गळला, पण जागा लेफ्टनंट जनरलच्या खालचीच राहिली. आता खांदा पाहा. तलवार व दंडाची (बॅटनची) फुली आणि एक तारा म्हणजे मेजर जनरल, फुली आणि सिंह म्हणजे लेफ्टनंट जनरल. त्याच्या खांद्यावर तारा एकही नाही, तरी बातमीत तो 'थ्री स्टार'. ते तारे गाडीवरच्या पाटीचे. खांद्यावरचे मोजून 'थ्री स्टार' लिहिलंत तर कॅप्टनला जनरल करून बसाल.

स्वाती
ओझरची मंडळी असतील तर हवाई दलाचीही पदं येतील. 'ग्रुप कॅप्टन' म्हणजे लष्कराचा कर्नल. नौदलाचा 'कॅप्टन'सुद्धा कर्नलच्याच तोडीचा. सचिन तेंडुलकर (२०१०) मानद ग्रुप कॅप्टन, धोनी (२०११) मानद लेफ्टनंट कर्नल, म्हणजे इथे सचिन एक पायरी वर. धोनीवाल्यांनी रागावू नये! व्यासपीठावरचा क्रम लावताना हे बघा, नुसतं 'कॅप्टन' वाचून कुणाला टोकाला बसवू नका.

मुद्रितशोधक
भारी. राहिलं 'निवृत्त' आणि 'ऑनररी कॅप्टन'.

देवळालीकर
'निवृत्त सुभेदार अमुक' नको. आधी पद, मग नाव, शेवटी कंसात निवृत्त. निवृत्त होतो तो माणूस, पद नव्हे. २६ जानेवारी किंवा १५ ऑगस्टला जेसीओला मानद पद मिळतं, ते 'सुभेदार मेजर (ऑनररी कॅप्टन)' असं लिहा. त्याच्या फोटोत कॅप्टनचेच तीन तारे दिसतील, ती चूक समजून खोडू नका. लढाईचं वर्णन असेल तर तेव्हाचंच पद. परमवीरचक्र विजेते बाना सिंग १९८७ मध्ये सियाचीनवर नायब सुभेदार होते, ऑनररी कॅप्टन नंतर.

मुद्रितशोधक
मग पान ७ वरचे 'कॅप्टन' पुन्हा तपासतो. तिथे तीन तारे आहेत, पण कडेला लाल-निळं काहीतरी दिसतंय.

पंचवटीकर
म्हणजे पोलीस निरीक्षक! मेळाव्याला बंदोबस्ताला आले असतील.