गायक-वादकांसाठी वेगळी संकटकालीन मदत हवी का? ठाणे-नवी मुंबईपुरता एक प्रस्ताव

पाचपाखाडीकर (धागाकर्ता)

ठाणे आणि नवी मुंबईत गाण्याबजावण्यावर पोट असलेल्या सर्वांसाठी, म्हणजे गायक, वादक, साउंड आणि लाइट सांभाळणारे, टेम्पोत सामान चढवणारे या सगळ्यांसाठी, मानसिक संकटाच्या वेळी आधार देणारी स्वतंत्र व्यवस्था असावी, असे माझे मत आहे. मी स्वतः वाद्यवृंदात की-बोर्ड वाजवतो. विरोधी मते यावीत, अशीही इच्छा आहे.

आमच्या कामाचे वेळापत्रक पंचांगावर चालते. गणपतीत हाताला उसंत नसते आणि लगेच पितृपक्षात फोन वाजायचा थांबतो. नवरात्र, दिवाळी पहाट आणि तुळशीच्या लग्नानंतरची लग्नसराई यांवर वर्ष काढायचे असते. २०२२ मध्ये ३१ ऑगस्टला आलेले गणपती २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे १९ सप्टेंबरला आले, तेव्हा आमची कमाई जवळजवळ तीन आठवडे पुढे गेली. घरभाडे आणि वाद्याचा हप्ता मात्र ठरल्या तारखेलाच द्यावा लागला. दुसरी गोष्ट रात्रीची. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांमुळे उघड्यावरचा कार्यक्रम बहुधा रात्री दहाला थांबतो, परंतु सामान बांधून गाडीत चढेपर्यंत मध्यरात्र उलटते. दिव्याला, बदलापूरला किंवा पनवेलला राहणाऱ्याची शेवटची लोकल गेलेली असते. टाळ्यांच्या आवाजातून निघून रिकाम्या फलाटावर पहाटेची वाट पाहणे हा माणसाला खचवणारा काळ असतो, आणि नेमके तेव्हाच सगळे दवाखाने बंद असतात. सकाळी बाह्यरुग्ण विभाग उघडतो, तेव्हा आमच्यातला माणूस नुकता झोपलेला असतो.

ब्रिटनमधील ‘हेल्प म्युझिशियन्स’ ही संस्था १९२१ पासून आहे आणि २०१७ मध्ये तिने संगीतक्षेत्रातील लोकांसाठी चोवीस तासांची दूरध्वनी सेवा सुरू केली. अमेरिकेत ‘म्युझिकेअर्स’ १९८९ पासून आणि ऑस्ट्रेलियात ‘सपोर्ट ॲक्ट’ १९९७ पासून काम करते. परदेशात आहे म्हणून येथे असावे, असे मी म्हणत नाही. तिथे मनाचा आधार आणि अडचणीच्या वेळचे पैसे एकाच ठिकाणी मागता येतात, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

सीवूड्सचा वाचक

हेतूबद्दल आदर ठेवून मी या प्रस्तावाला विरोध करतो.

‘टेलि-मानस’ ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक विनामूल्य आहे, चोवीस तास चालतो आणि त्यावर मराठीत बोलता येते. रात्री दोन वाजता फलाटावर बसलेल्या वादकाला तो आजही उपलब्ध आहे. मग वेगळ्या क्रमांकाची गरज कोणती? उद्या रिक्षाचालक, परिचारिका आणि वाशीच्या बाजारातले माथाडी कामगारही तेवढ्याच न्याय्य कारणांनी आपापली सेवा मागतील. दूरध्वनीवरची एक खुर्ची अहोरात्र भरलेली ठेवायची, तर आठवड्याचे १६८ तास होतात. एक माणूस ४८ तास काम करतो असे धरले, तरी सुट्ट्या आणि आजारपण न मोजता साडेतीन माणसे लागतात. त्यांचे प्रशिक्षण आणि त्यांच्यावर देखरेख ठेवणारा अनुभवी माणूस वेगळाच. वर्गणीवर उभी राहिलेली अशी सेवा दुसऱ्या वर्षी बंद पडली आणि संकटात कुणी तो क्रमांक लावला, तर त्या माणसाचे काय होईल, याचा विचार करावा.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ ने सरकारी किंवा सरकारी अनुदानावरच्या सेवेतून उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. ठाण्यात प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून आहे, मानसिक आरोग्यासाठी काम करणारी आयपीएचसारखी संस्था १९९० पासून आहे. आपला आग्रह सरकारी सेवा संध्याकाळीही चालावी यासाठी हवा. प्रत्येक व्यवसायाने आपले वेगळे दार केले, की सार्वजनिक दाराविषयी बोलणारे कोणी उरत नाही.

आणखी एक. अशा चर्चांत ब्रिटनमधल्या २०१६ च्या पाहणीचा दाखला हमखास येतो, की तेथील ७१ टक्के संगीतकर्मींना तीव्र चिंतेचा त्रास होता. दोन हजारांहून अधिक लोकांनी ती प्रश्नावली आपणहून भरली होती. ज्यांना त्रास आहे तेच अशी प्रश्नावली अधिक उत्साहाने भरतात, हे लक्षात ठेवूनच तो आकडा वापरावा.

ढोलकी, घणसोली

मला दोघांचेही पटत नाही. आपण दोघे आजाराविषयी बोलता. मी पाकिटाविषयी बोलतो.

कार्यक्रम संपल्यावर पाकीट हातात पडेल, ही एवढीच गोष्ट खात्रीची झाली, तर आमच्या क्षेत्रातली किती घालमेल कमी होईल, याची बाहेरच्यांना कल्पना नाही. सुपारी तोंडी ठरते, कागद नसतो, “पुढच्या आठवड्यात देतो” हे वाक्य दोन-दोन महिने चालते आणि फार विचारले तर पुढच्या कार्यक्रमाला बोलावणे येत नाही. गाण्यांच्या वापराचे पैसे गोळा करून वाटणाऱ्या आयपीआरएस या संस्थेमार्फत मिळणारी रॉयल्टी गीतकार, संगीतकार आणि प्रकाशक यांची असते. ढोलकीवर थाप मारणाऱ्याला त्यातून काही मिळत नाही. मार्च २०२० मध्ये सगळे बंद झाले, तेव्हा माझ्या ओळखीच्या माणसांनी वाद्ये विकली. त्यातल्या काहींनी ती पुन्हा घेतलीच नाहीत, भाजीची गाडी लावली किंवा पार्सल पोहोचवायला लागले. या माणसांना समुपदेशन द्यायचे म्हणजे त्यांना नेमके काय सांगायचे?

माझी भीती उघड सांगतो. अशी सेवा उभी राहिली, की तिला देणगी देणारे बहुतेक आयोजकच असतील. मंचावर त्यांचा सत्कार होईल आणि त्याच मंचावर वाजवणाऱ्याचे पैसे थकलेले असतील.

नौपाड्यातील समुपदेशक

ढोलकीवादक दादांचे दुखणे खरे आहे, तरी त्यांच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देते, कारण समुपदेशन म्हणजे काहीतरी सांगणे हा गैरसमज संकटाच्या वेळी घातक ठरतो.

ज्याला आज रात्री जगणे नको वाटते आहे, त्याच्यासमोर उपदेश किंवा त्याच्या थकलेल्या पैशांचा हिशेब, यांतले काहीच उपयोगी नसते. त्याला सरळ विचारावे लागते, “जीव द्यावा असे मनात येते आहे का?” विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे, उलट बहुतेकांना कोणीतरी विचारले याने मोकळे वाटते. मग स्वतःला इजा करता येईल असे काही जवळ असेल तर ते दूर करणे, सकाळपर्यंत सोबत कोण बसेल हे ठरवणे आणि दुसऱ्या दिवशी कोणत्या दवाखान्यात कोणाबरोबर जायचे हे पक्के करणे, एवढे काम असते. पैशांचा प्रश्न त्यानंतर सोडवायचाच आहे, पण त्यासाठी माणूस सकाळपर्यंत असायला हवा. शिवाय चांगली बिदागी मिळणारे गायकही माझ्याकडे येतात, तेव्हा सगळा त्रास थकलेल्या पैशांतून येतो असे मानता येत नाही.

पोलिसांच्या भीतीने कुटुंबे गोष्टी लपवतात, म्हणून कायद्याविषयी थोडे. २०१७ च्या कायद्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असेच गृहीत धरले जाते आणि तिची काळजी घेणे ही सरकारची जबाबदारी ठरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारे भारतीय दंड संहितेचे जुने कलम ३०९ उरलेले नाही. उपचाराला नेण्यास कोणी कचरू नये.

या क्षेत्रात आणखी एक धोका वारंवार दिसतो. मंचावर हात थरथरू नयेत म्हणून प्रोप्रॅनोलॉलच्या गोळ्या एकमेकांत वाटल्या जातात. दमा असलेल्याला ती गोळी धोक्याची ठरू शकते. झोपेच्या गोळीवर दारू घेणे तर जिवावर बेतू शकते. हे व्यवसायातल्या सवयींमधून येते, त्यामुळे क्षेत्र ओळखणारा माणूस समोर असण्याला अर्थ आहे, असे धागाकर्त्यांच्या बाजूने म्हणेन. मात्र फोन आपल्यातल्याच माणसाने उचलावा, याला माझा ठाम विरोध आहे. दोन शहरांतले वादक एकमेकांना आवाजावरून ओळखतात. बोललेले गुप्त राहील याची खात्री नसेल, तर कोणी फोन करणार नाही.

कळव्याच्या गायनशिक्षिका

कलावंत म्हणजे मनाने नाजूक माणूस, ही प्रतिमा आपण पक्की करत आहोत का, याचा विचार व्हावा. माझ्या वर्गातल्या मुलींचे पालक आधीच विचारतात की गाण्यात पुढे काय आहे. वेगळी संकट-सेवा आहे असे त्यांनी ऐकले, तर काही मुलींचे गाणे तिथेच थांबेल.

रियाज हा मनाच्या आजारावरचा उपाय आहे, असे मी म्हणत नाही. जुन्या पिढीने तसे म्हणून पुष्कळ नुकसान केले आहे. माझे म्हणणे इतकेच, की शरीरापासून मन वेगळे काढू नका. स्वरयंत्राला सूज असताना आयोजकाच्या आग्रहाने गायलेली मुलगी आवाज बसल्यावर रात्र रात्र रडते. कानात सतत गुणगुण ऐकू येणारा साउंडवाला झोपेला मुकतो, मग चिडचिडा होतो, मग गप्प होतो. आवाज, कान, मनगट आणि मन यांची एकत्र तपासणी करणारे आरोग्य शिबिर म्हटले, तर लाजेचा प्रश्न बराच सुटेल आणि माझे विद्यार्थीही येतील.

पाचपाखाडीकर (धागाकर्ता)

बाईंची सूचना मला मनापासून आवडली. रात्रीचा फोन १४४१६ वरच असावा, हे सीवूड्सकर आणि समुपदेशक ताई यांचे म्हणणेही मी स्वीकारतो. तो क्रमांक गडकरी रंगायतन, घाणेकर नाट्यगृह आणि वाशीचे विष्णुदास भावे नाट्यगृह यांच्या रंगपटात, आरशाशेजारी लावावा. प्रेक्षकांच्या दालनात लावून आमच्यापर्यंत तो पोहोचत नाही.

तरीही एक गोष्ट कोणतीही सरकारी सेवा करू शकणार नाही, आणि माझा सगळा आग्रह आता तिच्यापुरता आहे. ती म्हणजे बदली. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांकडे जायचे ठरले, तरी त्याच संध्याकाळी कार्यक्रम असतो. मी येत नाही म्हटले, की माझ्या जागी दुसरा बसतो आणि तोच पुढे कायम होतो. ही भीती इतकी खोल आहे, की ताप अंगात असताना, घरात मृत्यू झालेला असताना माणसे वाजवतात. मन खचले आहे हे कारण तर कोणी तोंडातूनही काढत नाही. दोन्ही शहरांतल्या वाद्यवृंदांनी लिहून द्यावे की आजारपणाची बदली त्या कार्यक्रमापुरतीच राहील, आजार कोणता हे विचारले जाणार नाही आणि मूळ माणसाची जागा राखली जाईल. उपचार घेण्यापूर्वी काम जाणार नाही ही खात्री लागते, आणि ती फक्त आम्हीच एकमेकांना देऊ शकतो.

सीवूड्सचा वाचक

हा प्रस्ताव पहिल्यापेक्षा पुष्कळ नेमका आहे आणि मी त्याच्या जवळ आलो आहे. तरी दोन शंका राहतात. बदलीची यादी ज्याच्याकडे असेल, त्याला कोण कितीदा गैरहजर राहिले हे आपोआप कळणार. ती माहिती आयोजकाकडे जाणार नाही याची हमी कोण देणार? आणि ज्या गायकाच्या नावावर तिकिटे विकली गेली आहेत, त्याच्या बाबतीत बदली शक्यच नसते. त्याच्यासाठी कार्यक्रम रद्द किंवा पुढे ढकलण्याची अट करारात आधीच लिहावी लागेल.

ढोलकी, घणसोली

यादी समुपदेशक ताईंसारख्या बाहेरच्या व्यक्तीकडे ठेवावी. वाद्यवृंदाच्या प्रमुखाला फक्त बदली माणसाचे नाव कळावे. करार असेल तरच करारात अट येईल, तेव्हा नामवंत गायकांनी आधी आपल्या साथीदारांसाठीही कागद मागावा.

बदलीला माझा पाठिंबा एका अटीवर आहे. त्या रात्रीचे पूर्ण पैसे बदली वादकाला मिळावेत आणि मूळ माणसाला निम्मे तरी निधीतून मिळावेत, नाहीतर ज्याची चूल रोजच्या पाकिटावर पेटते तो आजारपणातही वाजवायलाच येईल. हा निधी आयोजकांनी प्रत्येक कार्यक्रमाच्या एकूण खर्चातून भरावा. तो वादकांच्या मानधनातून कापला जाणार असेल, तर माझा विरोध कायम आहे, आणि येत्या गणपतीच्या सुपाऱ्या ठरण्यापूर्वी हे लेखी झाले नाही तर या वर्षापुरता विषय संपला असे मी समजेन.