मदत हवी आहे: दोन फटक्यांच्या मधे ट्रॅम्पल मिळालं तर?

खेळ मॅजिक: द गॅदरिंग, पत्त्यांचा. ट्रॅम्पल म्हणजे ब्लॉकरला मारून उरलेलं डॅमेज समोरच्या खेळाडूला. धरमपेठेत रविवारी बसतो, जज कुणी नाही, नवी पोरं नियम मलाच विचारतात. यावेळी मीच अडकलो.

डबल स्ट्राइकचा (आधी एकदा, मग नेहमीच्या वेळी पुन्हा डॅमेज देणारा) ४/४ (ताकद ४, टिकाव ४) प्राणी हल्ल्याला, समोर दोन २/२ ब्लॉकर. पहिल्या फटक्यात २-२ डॅमेज, दोन्ही मेले. लगेच, नेहमीच्या डॅमेजआधी, इन्स्टंट (मधेच खेळता येणारं कार्ड) टाकून हल्लेखोराला ट्रॅम्पल दिलं. समोरच्याचं लाइफ नेमकं ४, त्यामुळे वाद पेटला!

नियम ५१०.१सी पाहिला: ब्लॉक झालेल्यापुढे ब्लॉकर उरला नाही तर डॅमेज शून्य. ट्रॅम्पलचा ७०२.१९ मात्र म्हणतो, ब्लॉकर उरले नाहीत तर सगळं डॅमेज खेळाडूला. मला दुसरं पटतं, पण ब्लॉक झाला तेव्हा ट्रॅम्पल नव्हतंच, हा पोरांचा मुद्दा खोडता येईना.

प्लेन्सवॉकर (ज्यावरही हल्ला करता येतो असं कार्ड) नाही, ब्लॉकरला फर्स्ट स्ट्राइक (आधी डॅमेज देणं) नाही, डॅमेज अडवणारं कार्डही नाही. ब्लॉकरना डॅमेज देण्याचा क्रम लावणं नोव्हेंबर २०२४ पासून बंद झालंय, तेही माहीत आहे. इथे त्याचा संबंध नाही. ‘आमच्याकडे असंच खेळतात’ नको, नियम क्रमांक द्या.

ट्रॅम्पल ब्लॉकच्या वेळीच असावं लागतं, की दुसरं डॅमेज वाटताना असलं तरी पुरे?