बजेट थोडं आहे, सस्पेन्शनमध्ये आधी कशाला हात घालू?

वळणवेडा:
नमस्कार मंडळी. फ्रंट व्हील ड्राइव्ह हॅचबॅक आहे, पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक एकत्र असलेला खांब), मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकं जोडणारा, पिळला जाणारा आडवा दांडा), लाखभर किलोमीटर झालेत आणि सस्पेन्शनचं सगळं कंपनीचंच आहे. ऑटोक्रॉसला (शंकूंमधून वेळ लावून गाडी पळवायची स्पर्धा) जातो, दोन ट्रॅक डे पण केले. त्रास असा की वळणात गाडी जाम लोळते आणि स्टिअरिंग कितीही पिळलं तरी नाक सरळच पळतं, पुढच्या टायरची बाहेरची कड पार उडालीये आणि आतली कड अजून नवी दिसते. पैसे एकाच मोठ्या वस्तूपुरते आहेत. मनात स्वस्तातले कॉइलओव्हर (उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉकचा सेट) आहेत, ३२ क्लिकवाले म्हणजे शॉकचा कडकपणा ३२ टप्प्यांत बदलतो, गाडी खालीपण बसेल. मित्र म्हणतो कशाला खर्च, आहे त्याच स्प्रिंगचा एक वेढा काप. रोज ऑफिसलाही हीच गाडी असते हे लक्षात घ्या.

ग्रीसचे_हात:
मित्राला लांबूनच नमस्कार कर. ६ वेढ्यांतला १ कापलास की स्प्रिंग २० टक्के कडक होते, तिला आवरायला मात्र तोच दमलेला शॉक, आणि कापलेलं टोक वाटीत नीट बसत नाही, चाक हवेत लटकलं की स्प्रिंग जागेवरून सरकू शकते.

आता तुझा टायर बघ, त्यानेच उत्तर दिलंय. बाहेरची कड जाते म्हणजे वळणात टायर त्या कडेवर उभा राहतोय, कॅम्बर (चाकाचा उभा कल, उणे म्हणजे चाकाचं डोकं आत) कमी पडतोय. रस्त्यावरच्या गाड्यांना पुढे साधारण शून्य ते उणे १ अंश असतो, ट्रॅकला स्ट्रटवाल्या गाडीला उणे २ ते ३ लागतो. स्ट्रट जिथे नकलला (चाक धरणाऱ्या भागाला) दोन बोल्टने बसतो तिथे कॅम्बर बोल्ट टाकता आले तर अंश-दीड अंश मिळून जातो, तोही किरकोळ खर्चात. कॅम्बर बदलला की टो (वरून बघता चाकं किती आत-बाहेर वळलीत ते) पण हलतो, त्यामुळे टो सगळ्यात शेवटी.

पण त्याआधी गाडी स्टँडवर घे आणि लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याच्या) मागच्या बुशला, म्हणजे रबरी सांध्याला, पहार लावून हलवून बघ. लाख किलोमीटरला तो फाटलेला असणार असं धरूनच चाल. तो गेला की ब्रेक मारल्यावर चाक मागे सरकतं, अलाइनमेंट कितीही भारी केलेली असू दे. आणि नवीन बुश बसवलास तर गाडी चाकांवर उभी असतानाच बोल्ट शेवटचा कस, लटकत्या चाकावर कसलास तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. अलाइनमेंटवाल्यासमोर उभा राहून हे बघून घे, नाहीतर विसरतात.

सेकंड_गिअर:
कॅम्बरचं पटलं, पण लोळणं आणि नाक बाहेर जाणं हे दोन वेगळे आजार आहेत. आतल्या चाकावरून बाहेरच्या चाकावर एकूण किती वजन जाणार ते गाडीची उंची, रुंदी आणि तू किती जोरात वळतोस यावर ठरतं, स्प्रिंग कडक केल्याने ते कमी होत नाही. पुढे किती आणि मागे किती एवढं मात्र आपल्या हातात असतं. म्हणून फ्रंट व्हील ड्राइव्हला मागचा अँटिरोल बार (डावं-उजवं चाक जोडून लोळणं कमी करणारा दांडा) लाव, थोडा भार मागच्या बाहेरच्या चाकावर जातो आणि पुढच्याला जरा श्वास मिळतो. वळणात मागचं आतलं चाक उचललं तर घाबरू नकोस, फोटो छान येतात. बारची जाडी मात्र बेतानेच वाढव, कारण ताकद जाडीच्या चौथ्या घाताने वाढते, भरीव बार २० वरून २२ मिमी केला की जवळपास ४६ टक्के कडक. अति केलंस तर पावसात ऑफिसला जाताना वळणात पाय उचललास की शेपूट पुढे येईल.

दोनदा_फसलेला:
३२ क्लिकवाले मी घेतले होते, कोणाचे ते जाऊ दे. पहिल्या १० क्लिकमध्ये जो काय फरक तो, पुढे नुसतं टकटक वाजतं. हौसेने गाडी दोन इंच खाली घेतली आणि खालून बघितलं तर लोअर आर्म चाकाकडे वर चढलेले. स्ट्रटच्या गाडीत हे झालं की गाडीची उंची कमी होते त्यापेक्षा रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी लोळते तो) जास्त खाली जातं, म्हणजे गाडी लोळायला उलट वाव मिळतो. वर चाकाचा वर-खाली ट्रॅव्हल संपला, मधल्या वळणात बंपस्टॉपवर (शेवटच्या रबरी अडथळ्यावर) आदळायची आणि पुढची पकड झपकन सुटायची, मी म्हणायचो टायर खराब आहेत :D

आता एकच सेटिंगचे चांगले शॉक आहेत, त्यांना शोभतील अशा थोड्या कडक स्प्रिंग, गाडी जेमतेम खाली. लॅप आधीपेक्षा बरे येतात. हो, काही घ्यायच्या आधी तुझ्या क्लासचे (स्पर्धेतल्या गटाचे) नियम वाच, एक स्प्रिंग बदलली म्हणून थेट स्पर्धेसाठी खास तयार केलेल्या गाड्यांच्या क्लासमध्ये जाऊन बसशील.

वळणवेडा:
रविवारी गाडी वर घेतली. डाव्या आर्मचा मागचा बुश एवढा फाटलाय की चिरेतून पलीकडचं दिसतं, हाताने चाक ढकललं तरी आर्म हलतो. दोन्ही बाजूंचे बदलले, तुम्ही सांगितलं तसं गाडी उभी करून कसले. नियम वाचले, माझ्या क्लासला कॅम्बर बोल्ट चालतात, मागचा बार नाही चालत. बोल्ट टाकून डावीकडे उणे १.९ मिळाला, उजवीकडे १.७ वरच अडलाय. आता काय?

ग्रीसचे_हात:
सबफ्रेमचे (दोन्ही आर्म ज्याला बसतात त्या चौकटीचे) बोल्ट ढिले करून तो केसभर सरकवता येतो का बघ, बोल्टच्या भोकांत तेवढी जागा बहुतेक असते, एका बाजूचा कमी होऊन दुसरीकडे वाढतो, दोन्हीकडे १.८ जमेल. नाहीच जमलं तर डावापण १.७ कर. टो सध्या शून्य ठेव, रोज चालवतोस. आणि वाचलेले पैसे कॉइलओव्हरला नको, शॉकला घाल, मागच्या कुठल्या शॉकला तेल सुटलंय का ते बघितलंस का?

वळणवेडा:
उजवा ओला आहे. मला वाटलं चिखल असेल.