चार शनिवार, चार भाग आणि भोर घाट नाही

केदार (बी-७०१), रात्री ९:४८
चौथा भागही संपला. अमृतसर ते शिमला, जोधपूर ते दिल्ली, म्हैसूर ते चेन्नई आणि आज लखनौ ते कोलकाता. मायकेल पोर्टिलोच्या या बीबीसी मालिकेचं नाव 'ग्रेट इंडियन रेल्वे जर्नीज', आणि चारही प्रवासांत बोरीबंदर नाही, भोर घाट नाही, थळ घाट नाही. चार शनिवार मी क्लबहाऊसमध्ये खुर्च्या लावल्या, प्रोजेक्टर आणला. मनापासून वाईट वाटलंय.

मोहनकाका (बी-२०३)
१६ एप्रिल १८५३. बोरीबंदर ते ठाणे. १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, २१ तोफांची सलामी. भारतातली पहिली रेल्वे. तिथल्या फलाटावर उभं राहून एक भाग करायला काय हरकत होती?

सेक्रेटरी (ए-६०३)
सर्व सभासदांना कळविण्यात येते की उद्या रविवारी सकाळी १० ते दुपारी २ या वेळेत टाकी धुण्याचे काम असल्याने पाणी बंद राहील. कृपया नोंद घ्यावी.

फरीदभाई (सी-१०१)
केदार, मनाला नको लावून घेऊ. आम्हा नेरळवाल्यांचं तर दुःख त्याहून मोठं. पहिला भाग शिमल्याच्या छोट्या गाडीसाठी, आणि आमची माथेरानची राणी कुणाच्या गावीही नाही. १९०७ ची गाडी आहे ती. सर आदमजी पीरभॉय यांच्या घरच्या पैशांतून उभी राहिली, मुलगा अब्दुल हुसेन यांनी हट्टाने बांधून घेतली. सरकारी तिजोरीतून नाही.

वेंकट (डी-२०२)
मोहनजी, एक नम्र दुरुस्ती. 'पहिली प्रवासी रेल्वे' म्हणा. मद्रासजवळ रेड हिल्सला १८३७ साली दगड वाहायला रेल्वे होती.

मोहनकाका (बी-२०३)
दगड वाहणारी गाडी आणि माणसं नेणारी गाडी यात फरक आहे, वेंकटराव.

वेंकट (डी-२०२)
तोच फरक मी सांगतोय. 😊

अनघाताई (सी-३०२)
दोघांचंही बरोबर आहे. रुरकीलाही १८५१ मध्ये कालव्याच्या कामासाठी वाफेचं इंजिन चाललं होतं. प्रवासी गाडीचा मान मात्र आपलाच. आणि पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ ला गाडी आपल्या कल्याणपर्यंत आली. ज्या गावात आपण राहतो त्याचा हा इतिहास आहे, म्हणून केदारला लागलं तर ते साहजिक आहे.

शिल्पा (डी-५०१)
हा ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे ना? चार आठवडे दर शनिवारी रात्री साठ-सत्तर मेसेज येतात. मुलाची शुक्रवारपर्यंत परीक्षा होती, फोन सारखा वाजत होता. आणि बी विंगसमोर ती स्कूटर अजूनही आडवी आहे, त्याबद्दल कुणाला बोलायचं नाही.

मोहनकाका (बी-२०३)
स्कूटर माझी आहे हे सगळ्यांना माहीत आहे. नाव घेऊन सांगितलंत तरी चालेल. सकाळी काढतो.

शिल्पा (डी-५०१)
मागच्या रविवारीही 'सकाळी काढतो'च होतं, काका.

सेक्रेटरी (ए-६०३)
पार्किंगचा विषय मासिक सभेत घेऊ. कृपया पाण्याची नोंद घ्यावी. सकाळी १० ते दुपारी २.

केदार (बी-७०१)
शिल्पाताई, सॉरी. वेगळा ग्रुप काढतो. पण एकच सांगू द्या. शिमल्याची लाइन १९०३ ची, रुळांमधलं अंतर अडीच फूट. तेवढ्याच रुंदीची बार्शी लाइट रेल्वे आपल्याकडे १८९७ ला सुरू झाली होती. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरने छोट्या रुळांवर जास्त वजन कसं न्यायचं हे बार्शीला करून दाखवलं. शिमल्याच्या १०२ बोगद्यांचं कौतुक मलाही आहे, बरोगच्या बोगद्यात मी स्वतः जाऊन आलोय. पण बार्शीचं नाव रेल्वेप्रेमी सोडून कुणी घेत नाही. आता तिथे ब्रॉडगेज झाली, जुनं काही उरलं नाही. जे उरत नाही ते निदान पडद्यावर तरी यायला हवं ना?

मोहनकाका (बी-२०३)
आणि १६ एप्रिल १८५३ सुद्धा.

अनघाताई (सी-३०२)
केदार, तुझ्या दुःखात मी आहे, पण त्या माणसावर राग धरू नकोस. मायकेल पोर्टिलो नुसता भडक कोट घालून फिरणारा निवेदक नाही. तो ब्रिटनमध्ये वाहतूक खात्याचा राज्यमंत्री होता. सेटल–कार्लाइल नावाची डोंगरातली लाइन बंद करायचं घाटत होतं, ते १९८९ साली त्यानेच नाकारलं. आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम कोणतं, असं विचारलं की तो तेच सांगतो. हातात ब्रॅडशॉचं जुनं रेल्वे मार्गदर्शक घेऊन फिरतो. भारतासाठी १९१३ चं घेतलं होतं. योगायोग बघ, ज्याच्या नावाने ही पुस्तकं निघाली तो जॉर्ज ब्रॅडशॉ वारला १८५३ सालीच. आपली गाडी सुटली एप्रिलमध्ये, तो गेला सप्टेंबरमध्ये.

मैत्रेयी (ए-४०१, सध्या लीड्स)
नमस्कार सगळ्यांना. आईने मेसेज दाखवले म्हणून लिहितेय. ती गाडी लीड्सहूनच सुटते, मी दोनदा जाऊन आलेय. मध्ये रिबलहेडचा पूल लागतो, २४ कमानींचा. उजाड माळ आणि इतका वारा की दारात उभं राहवत नाही. तो बांधताना शंभराहून जास्त मजूर गेले. जवळच्या गावातल्या चर्चमध्ये त्यांच्या स्मरणाची पाटी आहे. ती वाचून मी बराच वेळ तिथेच बसून होते. आपल्या घाटात अशी पाटी आहे का हो?

फरीदभाई (सी-१०१)
चांगला प्रश्न विचारलास, पोरी.

केदार (बी-७०१)
हेच तर मला म्हणायचंय! भोर घाटावर एका वेळी चाळीस हजारांवर मजूर होते. १८५६ ते १८६३, सात वर्षं. २५ बोगदे हाताने फोडले. हजारो माणसं कॉलऱ्याने आणि तापाने गेली. त्यातल्या एकाचंही नाव आपल्याला माहीत नाही.

अनघाताई (सी-३०२)
आणि ते काम तडीला नेलं एका बाईने. सॉलोमन ट्रेडवेल हा कंत्राटदार १८५९ मध्ये इथे आला आणि काही आठवड्यांतच वारला. बायको ॲलिस. तिने इंग्लंडला परत जायचं सोडून कंत्राट स्वतःच्या नावावर घेतलं, इंजिनिअर नेमले, आणि घाट पूर्ण करून घेतला. मी शाळेत दर वर्षी मुलींना हे सांगते. एक भाग एवढ्यावरच होऊ शकतो.

मोहनकाका (बी-२०३)
हे मला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं.

वेंकट (डी-२०२)
मलाही नव्हतं. मोहनजी, आज आपलं पहिल्यांदा एकमत झालं.

सेक्रेटरी (ए-६०३)
नानांना विचारा की. त्यांनी घाटात इंजिन चालवलंय, मैत्रेयीच्या पाटीचं तेच सांगतील. नाना, झोपलात का?

नाना (ए-१०४), रात्री १०:३१
जागा आहे. वाचतोय सगळं. टाइप करायला वेळ लागतो.

नाना (ए-१०४)
मैत्रेयी, मजुरांच्या नावाची पाटी मी तरी पाहिली नाही. बत्तीस वर्षं त्या घाटात वर-खाली केलं. इंजिनातून दिसत होता तो दगड. त्यावर छिन्नीच्या खुणा अजून आहेत. बोगद्यात दिव्याचा झोत तिरका पडला की दिसतात. मला वाटतं तीच त्यांची पाटी.

अनघाताई (सी-३०२)
🙏

नाना (ए-१०४)
आणि केदार, अर्ध्या पुण्याला वाटतं गाडी कर्जतला वड्यासाठी थांबते. ती थांबते बँकरसाठी, म्हणजे मागून ढकलणाऱ्या इंजिनांसाठी. चढ सदतीसला एक. म्हणजे सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. नुसत्या पुढच्या इंजिनाने लांब गाडी चढत नाही, म्हणून मागून इंजिनं लावून लोणावळ्यापर्यंत ढकलायची. मी नऊ वर्षं बँकरवर होतो. तिथे पुढचं काही दिसत नाही. समोर दिसते शेवटच्या डब्याची पाठ. सिग्नल दिसत नाही, वळण दिसत नाही. पुढच्या ड्रायव्हरचा हात तुम्हाला गाडीच्या अंगातून कळतो. त्याने जोर कमी केला की तुमच्या पायाखाली समजतं. वॉकी-टॉकी नंतर आले. आधी शिट्टी आणि हा पाय.

केदार (बी-७०१)
नाना, हे तुम्ही मला कधीच सांगितलं नाहीत!

नाना (ए-१०४)
तू इंजिनाचे नंबर विचारतोस, मी नंबर सांगतो.

फरीदभाई (सी-१०१)
😂 नाना, खेकड्याची गोष्ट सांगा ना.

नाना (ए-१०४)
मी लागलो तेव्हा खेकडे शंटिंगला उरले होते. जुनं विजेचं मालगाडीचं इंजिन, पुढे-मागे लांब नाकाडं. असं डुलत आणि कण्हत चालायचं की नाव खेकडाच पडलं. एक वरळीला नेहरू विज्ञान केंद्रात उभा आहे. नातवाला घेऊन गेलो होतो. हात लावून आलो.

शिल्पा (डी-५०१)
नाना, एक विचारू? उतरताना मध्येच जंगलात गाडी का थांबते? दर वेळी पुण्याहून येताना मुलगा विचारतो आणि मी सांगते क्रॉसिंग असेल.

नाना (ए-१०४)
क्रॉसिंग नाही, बाळा. मंकी हिल, ठाकूरवाडी अशा ठिकाणी उतरणारी गाडी थांबवावीच लागते. तिथे रुळांचा काटा मुळात बाजूच्या चढावरच्या लाइनीला लावलेला असतो, कॅच साइडिंग म्हणतात. ब्रेक गेलेली गाडी आली तर ती त्या चढावर जाऊन थांबावी, खाली कुणावर जाऊ नये. गाडी थांबली, ब्रेक ड्रायव्हरच्या हातात आहे हे कळलं, की मगच मुख्य लाइन मिळते. तुम्ही डब्यात बसून वैतागता ती दोन मिनिटं तुमच्यासाठीच असतात. मुलाला सांग.

शिल्पा (डी-५०१)
सांगते. नाही, तुम्हीच सांगा त्याला. तो माझ्या शेजारी बसून वाचतोय.

मोहनकाका (बी-२०३)
बीबीसीला पत्र लिहूया. मसुदा मी करतो. सुरुवात १६ एप्रिल १८५३ पासून.

वेंकट (डी-२०२)
दुसऱ्या परिच्छेदात रेड हिल्स घाला, मी सही करतो.

केदार (बी-७०१)
मी आधी तेच म्हणणार होतो. पण आता वाटतं, पत्राने काय होणार? त्यांनी त्यांच्या आवडीचे चार रस्ते निवडले. आपल्याकडे दूरदर्शनवर १९८६ ला श्याम बेनेगलांची 'यात्रा' आली होती, हिमसागर एक्स्प्रेसची. ती कन्याकुमारीहून जम्मूला जाताना निदान नागपूरवरून तरी जायची. माझे बाबा अजून त्याबद्दल बोलतात. घाटाचं कुणीतरी येऊन करेल याची वाट बघत बसायचं, की आपण नानांचं बोलणं रेकॉर्ड करायचं?

अनघाताई (सी-३०२)
करायचंच. आणि नुसतं इंजिनाचं नको. पावसाळ्यात काय व्हायचं, रात्री काय खायचे, सगळं.

नाना (ए-१०४)
कॅमेऱ्यासमोर मला जमणार नाही.

अनघाताई (सी-३०२)
नाना, कॅमेरा नको. नुसता आवाज.

नाना (ए-१०४)
माझ्यापेक्षा गँगवाल्यांचं करा, लाइन सांभाळणाऱ्या मजुरांचं. पावसाळ्याआधी कमरेला दोर बांधून कड्यावर चढायचे आणि सुटलेले दगड पहारीने खाली पाडायचे. पावसात रात्रभर लाइनीवरून चालायचे, हातात कंदील आणि पाठीवरच्या पिशवीत रुळावर ठेवायचे धोक्याचे फटाके. बोगद्यातून बाहेर पडलो की धुक्यात तो कंदील दिसायचा आणि जीव भांड्यात पडायचा. कंदील दिसला म्हणजे पुढची लाइन कुणीतरी पायाने तपासली आहे. मी त्याला शिट्टी द्यायचो. नाव माहीत नसायचं, चेहराही नाही. कंदील वर-खाली व्हायचा, एवढीच ओळख. त्यातले दोघे कर्जतला राहतात अजून. एकाला ऐकू कमी येतं.

मैत्रेयी (ए-४०१, सध्या लीड्स)
नाना, मी इथे रडतेय.

फरीदभाई (सी-१०१)
कर्जत काय लांब नाही. उद्याच जाऊ. नाहीतरी पाणी बंदच आहे.

सेक्रेटरी (ए-६०३)
१० ते २. मी येऊ शकत नाही, टाकीवर उभं राहावं लागेल. पण रेकॉर्डिंग ग्रुपवर टाका. आणि खुर्च्यांचं भाडं या वेळी सोसायटीच्या सांस्कृतिक खात्यातून देऊ, केदार. तू खिशातून दिलंस हे मला आज कळलं.

केदार (बी-७०१)
थँक यू, काका.

शिल्पा (डी-५०१)
मुलगा विचारतोय त्याला नेणार का. परीक्षा संपली आहे.

मोहनकाका (बी-२०३)
मी घेऊन जातो त्याला. सकाळी खाली येईनच. स्कूटर काढायला.

शिल्पा (डी-५०१)
😊 बरं काका. डबा देते सगळ्यांसाठी.

केदार (बी-७०१)
सातच्या आतली कर्जत लोकल पकडू. नाना, फलाटावर नक्की कुठे उभं राहायचं?

नाना (ए-१०४)
पुण्याकडे जाणाऱ्या गाडीच्या शेवटच्या डब्याजवळ. बँकर मागून हळू येतो, आणि भिडला की सगळ्या गाडीला एक धक्का बसतो, शेवटच्या डब्यापासून इंजिनापर्यंत. मुलाला हात डब्याला लावून उभं करा, त्याला कळेल. फोन नंतर काढा.