दिवाळीची भेट बंद केली, पण अडकलेल्या बिलांचं काय?

कृष्णाकाठ (धागा)
साताऱ्याजवळ आमचा भाजणी आणि मेतकुटाचा छोटा कारखाना आहे. अकरा बायका कामाला आहेत. एका मोठ्या दुकानसाखळीला सहा वर्षं माल देतोय. गेल्या आठवड्यात त्यांचं पत्र आलं: आमच्या कर्मचाऱ्यांना मिठाई, भेटवस्तू, जेवण काहीही देऊ नका, दिलंत तर पुरवठा बंद. सोबतच्या आचारसंहितेवर सही-शिक्का मागितलाय. मी आनंदाने सही केली. पण त्यांच्याकडेच आमचं जूनमधलं बिल अडकलंय. आज ११६ दिवस झाले.

गेल्या वर्षीचं सांगते. गोडाऊनच्या दाराशी आमची गाडी सकाळी साडेसातला लागली. दुपारी तीनला माल उतरवला. खोकी ४० पाठवली होती, पावतीवर ३७ आली. त्याआधीच ड्रायव्हरचा फोन आला होता, "ताई, पाचशे मागतायत, देऊ का?" मी नको म्हटलं. तीन खोक्यांचे पैसे कापल्याची डेबिट नोट आली. पुढच्या खेपेला मी पाकीट दिलं आणि खोकी बरोबर ४० भरली. हे लिहिताना लाज वाटते.

माझं म्हणणं एवढंच, नियम आमच्यावर लावण्याआधी साखळीने आमचे पैसे वेळेवर द्यावेत. पैसे अडले की ते सोडवणारा माणूस शोधावा लागतो, आणि तो फुकट मिळत नाही.

खरेदीखात्यातला
ताई, मला हे पटत नाही. मी चौदा वर्षं एका साखळीत डाळी-कडधान्यांची खरेदी केली. एका दिवाळीत काजूकतलीचा डबा घरी आला. मी बाहेर होतो, मुलीने उघडला. तळाच्या कागदाखाली सोन्याचं नाणं होतं. दुसऱ्या दिवशी ते परत केलं. फेब्रुवारीत त्याच माणसाची तूरडाळ ओलसर निघाली आणि मी अख्खी गाडी परत पाठवली. नाणं ठेवून घेतलं असतं तर माझी ती हिंमत झाली असती का? नियम बिनशर्तच हवा. संस्थापक सॅम वॉल्टन यांच्या काळापासून अमेरिकेतल्या वॉलमार्ट साखळीच्या खरेदीवाल्यांना पुरवठादाराकडून भेट घ्यायला बंदी आहे, ती उगाच नाही. बिल उशिरा मिळणं हा वेगळा प्रश्न. आणि तुम्ही पाकीट देता तेव्हा, त्याच रॅकवर जागा मिळावी म्हणून थांबलेली दुसरी एखादी ताई मागे पडते.

पेठेतला दुकानदार
फराळाच्या डब्याला लाच म्हणू नका हो. आमच्या दुकानात तीन पिढ्या पुरवठादारांकडून चिवडा-लाडू येतात आणि आमच्याकडूनही जातात. सगळ्यांसमोर दिलं-घेतलं जातं.

खरेदीखात्यातला
काका, दुकान तुमचं आहे. डबा घेऊन महाग माल घेतलात तर नुकसान तुमचंच. मी नोकर होतो. डबा मी घेणार आणि महागडी डाळ मालकाच्या पैशाने येणार, हा फरक आहे.

हिशेबनीस
नियम चांगला आहे, पण तो एकाच दाराला लावलेलं कुलूप होऊ नये. त्याच वॉलमार्टने २०१९ मध्ये परदेशातल्या लाचखोरीविरोधी कायद्याच्या प्रकरणात अमेरिकी सरकारला सुमारे २८ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. मेक्सिको, ब्राझील, चीन आणि भारतात सरकारी कामांसाठी नेमलेल्या मध्यस्थांवर कंपनीचा पुरेसा अंकुश नव्हता.

कायद्याचंही सांगतो. आपला १९८८ चा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा लोकसेवकांपुरता आहे. २०१८ च्या दुरुस्तीने कंपन्याही त्यात आल्या, पण त्यांनी लोकसेवकाला लाच दिली तर. खासगी खरेदीवाल्याने पाकीट घेतलं तर हा कायदा लागत नाही, म्हणून कंपनीची आचारसंहिता महत्त्वाची. पण ताईंच्या बिलासाठी मात्र कायदा आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्यागणिक चक्रवाढ व्याज. शिवाय २०२३-२४ पासून, मुदत टळलेल्या बिलाची वजावट खरेदीदाराला प्राप्तिकरात पैसे दिल्याच्या वर्षीच मिळते. ताई, उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंद) आहे ना? अशा थकलेल्या बिलांसाठी सरकारचं ऑनलाइन पोर्टल आहे, तिथे तक्रार करा.

कृष्णाकाठ
नोंदणी आहे. तक्रार केली की पुढची ऑर्डर येणार नाही. हे मला कुणी लिहून दिलेलं नाही, फोनवर सांगितलंय.

लेस्टरकर
हीच भीती इकडे इंग्लंडमध्येही होती. म्हणून मोठ्या किराणा साखळ्यांसाठी आचारसंहिता आली आणि २०१३ मध्ये तिच्यावर स्वतंत्र निवाडाधिकारी नेमला. तक्रार कुणी केली ते त्याला गुप्त ठेवावं लागतं. इथल्या टेस्को साखळीच्या चौकशीचा अहवाल २०१६ मध्ये आला, तेव्हा आपली आर्थिक बाजू चांगली दिसावी म्हणून कंपनीने पुरवठादारांचे पैसे जाणूनबुजून लांबवल्याचं निघालं. काहींना वर्षाहून जास्त थांबावं लागलं होतं. यात कुणी पाकीट घेतलं नव्हतं. तरीही पुरवठादार नाडलाच गेला. म्हणून खरेदीखात्यातल्या दादांचं "वेगळा प्रश्न" मला मान्य नाही.

खरेदीखात्यातला
नाव गुप्त ठेवणारा माणूस कंपनीबाहेरचा हवा, हे मान्य. आमच्या कंपनीत तक्रारीचा ईमेल खरेदीप्रमुखाकडेच जायचा आणि मी त्यावर कधी बोललो नाही, ती माझी चूक. पण गोडाऊनचे पाचशे बिलापायी गेले नाहीत. ते दाराशी उभ्या असलेल्या माणसाने मागितले. बिल वेळेवर आलं असतं तरी त्याने मागितलेच असते. भेटबंदी हवीच.

कृष्णाकाठ
हे खरंय, दादा. तो वेळेवर दिलेल्या बिलाने गप्प बसणार नाही. पण तेव्हाचं बिल हातात असतं तर पहिल्या वेळेसारखंच पुढच्या खेपेलाही "नको" म्हणायची ताकद माझ्यात राहिली असती. तीन खोक्यांचा तोटा सोसता आला असता. त्या वेळी बायकांचे पगार द्यायचे होते.

सोमवारी ४० खोकी निघतायत. ड्रायव्हरजवळ या वेळी पाकीट नाही. दाराशी मोजताना मोबाईलवर व्हिडिओ काढायला सांगितलंय. हिशेबनीस, पोर्टलवर अर्ज भरताना डेबिट नोटाही जोडायच्या का?

हिशेबनीस
जोडा. ऑर्डरची प्रत, चलन आणि गोडाऊनच्या पावत्याही ठेवा. अडलात तर इथेच विचारा.